सुट्ट्या पैशांतली चांदी कुठे गेली?

ब्रिटनमध्ये दुकानदाराने परत दिलेल्या मोडीत दहा पेन्सचे म्हणून आलेले एखादे नाणे क्वचित वेगळे वाटते. आकार जवळपास तोच, रंगही पांढराच. मात्र त्यावरील मुखवटा राणी एलिझाबेथ किंवा राजा चार्ल्स यांचा नसून दाढीधारी पाचव्या जॉर्जचा असतो आणि मागील बाजूस मुकुटावर सिंह उभा असतो. हे दहा पेन्स नव्हेत, हा जुना शिलिंग. आजच्या दहा पेन्सच्या नाण्याचा व्यास २४.५ मिलिमीटर, तर शिलिंगचा २३.६. घाईत मोजणाऱ्या हाताला एवढा फरक जाणवत नाही. वजन तपासणारे यंत्र मात्र फसत नाही, कारण शिलिंगचे वजन ५.६५ ग्रॅम आणि दहा पेन्सचे ६.५ ग्रॅम असते.

असा योग आता फारच विरळा. तरीही या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याजोगे कारण आहे. एके काळी ब्रिटनमधील प्रत्येक खिशात चांदी होती. ती एका दिवसात नाहीशी झाली नाही आणि आपोआपही गेली नाही. ती कशी गेली हे समजले, तर उरलेली कुठे असू शकते आणि घरातील जुन्या डब्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हेही समजते.

१९२० : अर्धी चांदी

ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांत १९१९ सालापर्यंत ९२.५ टक्के शुद्ध चांदी असे. या मिश्रधातूलाच स्टर्लिंग म्हणतात. एका ट्रॉय औंस स्टर्लिंग चांदीतून साडेपाच शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने ६६ पेन्सची नाणी पाडली जात. बाजारात औंसाचा भाव ६६ पेन्सच्या खाली असेपर्यंत नाणे सुरक्षित होते. भाव त्यापुढे गेला की नाणे खर्च करण्यापेक्षा वितळवणे किफायतशीर ठरणार, हे उघड होते.

पहिल्या महायुद्धाने नेमके हेच घडवले आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. भारतातील रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. ब्रिटनच्या फ्लोरिनमध्ये, म्हणजे दोन शिलिंगच्या नाण्यात, जवळपास तेवढीच चांदी होती. तरीही फ्लोरिनची किंमत २४ पेन्स, तर रुपयाची अवघी १६ पेन्स ठरलेली होती. त्यामुळे चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या पुढे जाताच रुपया वितळवणे परवडू लागले. ब्रिटिश नाण्यावर संकट येण्याच्या कितीतरी आधी ते रुपयावर आले.

युद्धकाळात नोटा परत करून चांदीचे रुपये मागणाऱ्यांची संख्या भारतात वाढली. सरकारी तिजोरीतील चांदी कमी पडू लागली, तेव्हा अमेरिकेने १९१८ सालच्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारमार्फत भारतात रुपये पाडण्यासाठी पाठवण्यात आली. तरीही भाव चढतच राहिला. १९२० च्या प्रारंभी तो औंसाला ९० पेन्सच्या जवळ पोहोचला, तेव्हा ब्रिटनच्या संसदेने कायदा करून नाण्यांतील चांदी ५० टक्क्यांवर आणली.

१९४७ : चांदी संपली

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेकडून उसनवार कराराखाली सुमारे ८ कोटी ८० लाख औंस चांदी घेतली होती. ती पैशांच्या रूपात नव्हे, तर चांदीच्याच रूपात परत करायची होती. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाकडे चांदीचा सर्वांत मोठा साठा होता तो लोकांच्या खिशात. म्हणून १९४६ चा नाणे कायदा आला आणि १९४७ सालापासून शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन व सहा पेन्स ही सारी नाणी तांबे व निकेल यांच्या मिश्रणातून पाडली जाऊ लागली. जुनी नाणी बँकांमार्फत परत येतील तसतशी टांकसाळ त्यांतील चांदी वेगळी काढू लागली.

भारतातही याच क्रमाने हे घडले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. ब्रिटनच्या नाण्यांवर या काळाची आणखी एक खूण आहे. १८९३ पासून राजमुद्रेभोवतीच्या लॅटिन अक्षरांत ‘इंड. इम्प.’, म्हणजे भारताचा सम्राट किंवा सम्राज्ञी, ही उपाधी येऊ लागली. सहाव्या जॉर्जने ती १९४८ मध्ये सोडली आणि १९४९ च्या नाण्यांवरून ती पुसली गेली. नाण्यांतील चांदी आणि नाण्यांवरील हिंदुस्थान, दोन्ही दोन-तीन वर्षांच्या अंतराने गेले.

बट्टा आणि ग्रेशॅम

खराब पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकून लावतो, या नियमाला सोळाव्या शतकातील लंडनचे सावकार सर टॉमस ग्रेशॅम यांचे नाव एकोणिसाव्या शतकात मिळाले. मराठी मुलखातील सराफाला तो शिकवावा लागला नसता. पेशवाईत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. प्रत्येकाचा कस आणि वजन वेगळे, म्हणून सराफ नाणे पारखून बदलताना बट्टा कापत असे. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार त्याच पेढीवरचा. त्याउलट खणखणीत, कसाला उतरलेल्या माणसाला आजही बंदा रुपया म्हणतात.

ब्रिटनमध्ये या नियमाचा शेवटचा मोठा प्रयोग दशमान पद्धतीच्या काळात झाला. १९६८ मध्ये पाच व दहा पेन्सची नवी नाणी आली, ती मुद्दाम शिलिंग आणि फ्लोरिनच्याच आकाराची होती. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत पूर्णपणे लागू झाल्यावरही जुना शिलिंग पाच पेन्स म्हणून आणि फ्लोरिन दहा पेन्स म्हणून चालत राहिला. व्हिक्टोरिया राणीचे नाणेदेखील कायदेशीर चलन होते. त्यामुळे सत्तरच्या दशकात मोडीत चांदी मिळणे ही कल्पना नव्हती. ज्याला साल वाचता येत होते, तो १९४७ पूर्वीचे नाणे बाजूला ठेवून नवे खर्च करी. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा १९२० ते १९४६ मधील पाच पेन्सच्या शिलिंगमध्ये जवळपास दोन पौंडांची चांदी होती. तोवर न निवडलेली नाणीही त्यानंतर फार काळ फिरत राहिली नसणार.

मग कायद्याने दारे एकेक करून बंद झाली. हाफ क्राउन १९६९ अखेर रद्द झाला. सहा पेन्सचे नाणे जून १९८० पर्यंत चालले. पाच पेन्सचे नाणे लहान झाले, तेव्हा १९९० अखेर शिलिंग चलनाबाहेर गेला आणि दहा पेन्स लहान झाल्यावर ३० जून १९९३ नंतर फ्लोरिनही गेला. आजची पाच आणि दहा पेन्सची नाणी तर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, ती लोहचुंबकाला चिकटतात.

अमेरिका आणि कॅनडात परिस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतील १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी होती. ती नाणी कधीच रद्द झाली नाहीत आणि त्यांचा आकारही बदलला नाही. कॅनडाच्या १९६६ पर्यंतच्या दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत ८० टक्के चांदी आहे. त्यामुळे तिथे राहणाऱ्या वाचकांना बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या गुंडाळीत चांदी मिळण्याची शक्यता थोडी तरी आहे. ब्रिटनमध्ये ती नावापुरतीच उरली आहे.

उरलेली चांदी डब्यात आहे

ब्रिटनमधील उरलेली चांदी खिशात नाही, घरात आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत इथे आलेल्या मराठी डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थ्यांनी शिलिंग रोज हाताळला. भाड्याच्या खोलीत गॅसचे मीटर शिलिंग टाकल्याशिवाय चालत नसे. त्या काळी चलनात जुनी-नवी नाणी एकत्र फिरत होती. उरलेली चिल्लर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडली आणि तशीच राहिली. आज ती पिढी घरे आवरते आहे किंवा त्यांची मुले आवरत आहेत. रद्द झालेली नाणी म्हणून तो डबा धर्मादाय दुकानात किंवा भंगारात जाण्याआधी तासभर बसून साले वाचणे शहाणपणाचे आहे.

पारखण्याची रीत सोपी आहे. सहा पेन्स, शिलिंग, फ्लोरिन आणि हाफ क्राउन ही नाणी तीन ढिगांत वेगळी करावीत : १९१९ पर्यंतची, १९२० ते १९४६ ची आणि त्यानंतरची. पहिल्या ढिगातील एका शिलिंगमध्ये सुमारे ५.२ ग्रॅम शुद्ध चांदी असते, दुसऱ्यातील शिलिंगमध्ये सुमारे २.८ ग्रॅम, तर तिसऱ्यात अजिबात नसते. फ्लोरिनमध्ये याच्या दुप्पट आणि हाफ क्राउनमध्ये अडीचपट चांदी धरावी. लोहचुंबक इथे फारसा उपयोगी नाही. तो पोलाद ओळखतो, पण चांदी आणि तांबे-निकेल दोन्ही त्याला चिकटत नाहीत. चांदीची तीन पेन्सची इवलीशी नाणी वेगळी पाहावीत. नाताळच्या पुडिंगमध्ये लपवण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, म्हणून अजूनही अनेक घरांत सापडतात.

दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की नाणी घासून चकचकीत करू नयेत. काळवंडलेला थर संग्राहकाला हवा असतो आणि पॉलिशने त्याची किंमत उतरते. दुसरे, सगळा ढीग वजनावर विकण्याआधी काही साले तपासावीत. सातव्या एडवर्डचा १९०५ चा हाफ क्राउन किंवा पाचव्या जॉर्जचा १९३२ चा फ्लोरिन दुर्मीळ आहे. त्याची किंमत त्यातील चांदीपेक्षा बरीच जास्त येते. चलनात असलेले नाणे सरकारी परवान्याशिवाय वितळवणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे आणि रद्द झालेल्या शिलिंगला किंवा फ्लोरिनलाही तेच संरक्षण आहे. तरीही वजनावर विकलेले नाणे मुशीत जाण्याची शक्यता असते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही राणीछाप रुपया ठेवला जातो. युद्धाच्या वर्षांत सरकारने ते रुपये चलनातून काढून घेतले होते. जे उरले ते एखाद्या आजीने परत न करता देव्हाऱ्यात ठेवले म्हणून उरले. ब्रिटनमधील शिलिंगचेही तसेच आहे. टांकसाळीने, भावाने आणि कायद्याने बहुतेक चांदी परत नेली. राहिली ती कुणीतरी खर्च न करता बाजूला ठेवलेली. तो डबा पुढच्या पिढीच्या हाती येईल, तेव्हा त्यातले कोणते नाणे कशाचे आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवले, तर तेही पुष्कळ आहे.