पाचव्या नटाची कैफियत

मोटारीच्या चाकाला पाच नट असतील तर त्यांतले चार साधे, षट्कोनी, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पान्याने निमूटपणे सुटणारे असतात. पाचवा मात्र बाहेरून गोल, गुळगुळीत, टोकाकडे किंचित निमुळता, ज्याच्या तोंडावर एक नागमोडी खाच कोरलेली आहे आणि त्या खाचेत नेमका बसणारा जोडीदार भेटल्यावाचून जो कोणाचाही हुकूम मानीत नाही, असा. अलॉयची चाके आली, त्यांची किंमत चढली, आणि रात्रीतून गाडी विटांवर उभी करून चारही चाके लांबवणारे लोक शहरांतून निपजले, तेव्हापासून हा पाचवा, कुलपी नट दर चाकामागे एक या हिशेबाने रखवालीवर नेमला जाऊ लागला. त्याची चावी म्हणजे बोटभर लांबीचा एक पोलादी तुकडा: एका अंगाला खाचेत शिरणारा नक्षीदार उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला नेहमीचा पाना बसावा असा षट्कोन. सोबत सांकेतिक क्रमांकाचे एक कार्डही येते, जेणेकरून चावी गहाळ झाल्यास त्या क्रमांकाच्या हवाल्याने दुसरी मागवता यावी. परंतु ते कार्ड गाडीच्या दस्तऐवजांत जपून ठेवणारे मालक विरळाच, आणि जे ठेवतात ते बहुधा चावीच्याच पिशवीत ठेवतात, म्हणजे दोन्ही एकदमच हरवण्याची चोख तजवीज!

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर हा ओतकामाचा, लेथचा आणि मोटारदुरुस्तीचा जुना इलाखा. तेथील एका टायरच्या दुकानात, पलीकडच्या शेडमधील ग्राइंडरचा आवाज ऐकत, मी असा एक नट काढताना आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. गाडीच्या मालकाजवळ चावी होती. पण तिच्यावरच्या उंचवट्याचा अर्धा भाग झिजून आणि उरलेला तुटून गेल्यामुळे ती चावी म्हणण्यापुरतीच उरली होती. मालकाचा संशय चोरावर होता. दुकानाच्या मिस्त्रींनी ती चावी उजेडात फिरवून पाहिली, नटाच्या खाचेत अडकलेली पोलादाची कपची टोचणीने उकरून तळहातावर घेतली आणि निकाल दिला, "चोरानं न्हाई वो साहेब, गन मारणाऱ्यानं घालवलाय ह्यो."

हा निकाल किती यथार्थ आहे हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहिला पाहिजे. सामान्य प्रवासी मोटारीचा चाकाचा नट शंभर ते एकशेवीस न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळावा, असे बहुतेक कारखानदार सांगतात. हा पीळ मध्यम बांध्याच्या माणसाच्या हाताला फुटभर दांड्याच्या पान्याने जोर लावून देता येतो. हवेवर चालणारी गन मात्र चारशे-पाचशेच्या पुढे लीलया जाते, आणि तेही सलग जोराने नव्हे तर क्षणाक्षणाला पडणाऱ्या असंख्य ठोक्यांच्या रूपाने. साध्या नटाच्या सहा रुंद बाजू तो मार सोसतात. कुलपी नटाची अरुंद नक्षी तशा माराकरिता घडवलेलीच नसते. त्यातून चावी पुरती आत बसलेली नसली, किंचित तिरकी असली, की सगळा भार नक्षीच्या एखाद्या कडेवर येतो आणि ती कड जाते. लावताना गनने ठोकून बसवलेला नट गनच्याच जोराने काढू पाहावा, तर तोवर चावी मेलेली असते. म्हणून माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, हा नट काढण्याचे संकट बहुतांशी तो लावण्याच्या घटकेलाच जन्मास आलेले असते.

मिस्त्रींची पहिली कृती पाहून मी चक्रावलो. चाकाचे चार साधे नट त्या मालकाने घरीच सैल करून ठेवले होते. मिस्त्रींनी ते प्रथम पुन्हा घट्ट आवळले. सोडवायला आलेला माणूस आवळतो काय, असे कोणालाही वाटावे. पण शेजारचे चार नट ढिले असले म्हणजे रिमला हबवर दाबून धरण्याचे सगळे ओझे त्या एकट्या पाचव्यावर येऊन पडते आणि तो अधिकच हट्टाला पेटतो. ते चारही आपापल्या जागी कामाला लागले म्हणजे पाचव्याचा ताण उतरतो. याच न्यायाने सुटकेच्या वेळी कुलपी नट सर्वांत आधी काढावा आणि बसवताना सर्वांत शेवटी, हाताच्या पान्यानेच, आवळावा. गाडी अजून जॅकवर चढवलेली नव्हती, आणि ते योग्यच होते. चाक अधांतरी असेल तर ते फिरते आणि जोर वाया जातो. हँडब्रेक ओढून मागच्या चाकाला दगडाची उटी लावली होती.

मग गोट्यांच्या, म्हणजे सॉकेटच्या, डब्यातून निवड सुरू झाली. नटाच्या बाहेरच्या व्यासाहून अगदी थोडी लहान, आतून बारा कोनांची अशी जुनी गोटी हवी होती. नवी गोटी या कामावर खर्ची घालणे मिस्त्रींना मंजूर नव्हते. रिममधले भोक खोल आणि अरुंद. गोटीची भिंत जाड असल्याने ती नटापर्यंत पोचण्याआधीच अलॉयला घासत होती. हाताखालच्या पोराला पाठवून शेजारच्या लेथवर ती बाहेरून छिलून आणवली गेली. भोकाच्या कडेला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, गोटी नटावर टेकवली आणि हातोडीचे ठोके पडू लागले: मोजके, सरळ, एका रेषेत. घन घेऊन आलेल्या पोराला त्यांनी हाताच्या खुणेनेच परत पाठवले, कारण तिरपा अथवा अवजड घाव रिमला खोक पाडतो आणि आतल्या बेअरिंगलाही पोचतो. ठोक्यांचा नाद आरंभी पोकळ होता, पुढे भरीव होत गेला. गोटीचे कोन नटाच्या गुळगुळीत अंगात रुतल्याची ती खूण. मग गोटीला टॉमीचा लांब दांडा लावून, दोन्ही पाय रोवून, झटका न देता मिस्त्री हळूहळू अंगाचा भार देत गेले. एक कोरडा, कडक आवाज झाला. मालक दचकला, त्याला वाटले स्टड तुटला. पण सुटला होता तो नटच. गोटीत घट्ट रुतून बसलेला तो नट पुढे पंचने ठोकून बाहेर काढावा लागला.

सगळेच नट इतके सरळ वागत नाहीत. काहींच्या अंगावर मोकळे फिरणारे कडे असते. गोटी त्या कड्याला पकडते, कडे गरगर फिरते आणि नट जागचा हलत नाही. तेथे आधी छिन्नीने कडे फोडणे भाग पडते. काही वेळा खाचेवर साधा नट ठेवून त्याला आतून वेल्डिंगचा टाका देतात. उष्णतेने आटेही सैल होतात, पण त्याआधी बॅटरीची तार सोडावी लागते आणि टायरमधली हवा काढावी लागते, कारण हवाबंद टायर तापून फुटला तर तो माणसाचा मुलाहिजा ठेवीत नाही. जर्मन बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत हबवर स्टड नसून चाकच बोल्टने जखडलेले असते. तेथे कडक पोलादाच्या त्या बोल्टला मधोमध ड्रिल मारीत बसण्याचा प्रसंग आला, तर दुपारची संध्याकाळ होते. बाजारात उलट्या आट्यांची खास काढणीही मिळते, जी डावीकडे फिरवताना नटात अधिकाधिक घुसते. मिस्त्रींकडे ती होती, पण तिचे दात बोथट झाले म्हणजे तिची किंमत चार साध्या गोट्यांहून जड जाते, हे त्यांनी आपणहून सांगितले.

आता नव्या नटाचा प्रश्न आला. मालकाला पुन्हा कुलपी नटच हवे होते. मिस्त्रींनी हरकत घेतली नाही. मात्र डब्यातून उचललेला पहिला नट स्टडवर हाताने फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. बारा मिलिमीटरच्या स्टडवर दीड मिलिमीटर अंतराचे आटे असलेली गाडी निराळी आणि मारुतीच्या गाड्यांप्रमाणे सव्वा मिलिमीटरचे आटे असलेली निराळी. एकाचा नट दुसरीवर दोन फेरे जातो आणि मग, गन मारली तर, स्टडचे आटेच खरवडून काढतो. तसेच नटाची बैठक: कोणाची साठ अंशांच्या शंकूची, होंडासारख्या गाडीची गोलाकार. बैठक चुकली की नट आवळलेला दिसतो, पण रिमला केवळ एका कडेने टेकलेला असतो आणि धावता धावता सैल होतो. हे सगळे दुकानात कोणी तोंडाने सांगत नव्हते. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी देण्याची जी सवय त्या माणसाच्या हाताला होती, तिच्यातच ही सारी तपासणी उरकत होती.

जुनी चावी निकामी असल्याने उरलेल्या तीन चाकांवरचे नटही त्याच गोटीने आणि त्याच हातोडीने काढणे क्रमप्राप्त होते, आणि मजुरी दर नटामागे ठरली. मालकाने घासाघीस केली. मिस्त्रींनी झिजलेली गोटी त्याच्यापुढे धरली, आणि तो मुकाट्याने कबूल झाला. पहिल्या चाकाचे सगळे नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीत, टॉर्क पान्याची टिचकी वाजेपर्यंत आवळून झाले. गन भिंतीवर खिळ्याला टांगलेलीच राहिली. नवी चावी फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात आणि कार्ड घरच्या कपाटात ठेवायला सांगून मिस्त्री म्हणाले, "शंभर किलोमीटर झाले की या परत, एकदा ताणून बघतो. पैसं न्हाई घेनार त्याचं." आणि ते पोराला जॅक दुसऱ्या बाजूला सरकवायला सांगू लागले.