कुटुंबगाथेचा पहिला भाग आणि वाचकांची मतं: आधी विचारा, ‘नेमकं कोणतं पुस्तक वाचलंत?’



वाचकांच्या प्रतिसादावर संशोधन करायचं ठरवलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘सदर कादंबरीविषयी वाचकांची मते संकलित करून त्यांचे विश्लेषण केले जाईल.’ वाक्य दिसायला ठीक आहे. पण ती कादंबरी एखाद्या कुटुंबगाथेचा पहिला भाग असेल, तर या वाक्यातला ‘सदर’ हा शब्दच तुम्हाला अडचणीत आणू शकतो. कारण पहिला भाग सगळ्या वाचकांसाठी एकच पुस्तक नसतो. म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण: ‘द मॅन ऑफ प्रॉपर्टी’

जॉन गॉल्सवर्दी या इंग्रज लेखकाची ही कादंबरी १९०६ साली आली. फोरसाईट हे लंडनमधलं पैसेवालं कुटुंब. गोष्ट सुरू होते १८८६ च्या जूनमध्ये, एका साखरपुड्यानिमित्त जमलेल्या गोतावळ्यापासून. या घरातला सोम्स व्यवसायाने वकील. घर, चित्रं आणि बायको, सगळ्याकडे तो मालकीच्या नजरेने बघतो. बायको आयरीनचं त्याच्यावर प्रेम नाही. शहराबाहेर रॉबिन हिलला तो नवं घर बांधायला काढतो आणि आयरीन त्या घराचा आर्किटेक्ट बोसिनी याच्या प्रेमात पडते. पुढे सोम्स तिच्यावर जबरदस्ती करतो. बोसिनी दाट धुक्यात गाडीखाली सापडून मरतो. शेवटी आयरीन सोम्सच्याच घरी परत आलेली दिसते आणि कादंबरी तिथेच थांबते.

आता पुढची सालं लक्षात ठेवा. १९१८ मध्ये गॉल्सवर्दींनी याच कुटुंबावर एक दीर्घकथा लिहिली. आयरीन नंतर सोम्सला सोडून गेली होती, हे वाचकाला तिथे कळलं. १९२० मध्ये ‘इन चान्सरी’ आणि १९२१ मध्ये ‘टू लेट’ या कादंबऱ्या आल्या. १९२२ मध्ये हे सगळं ‘द फोरसाईट सागा’ या एकाच जाड ग्रंथात छापलं गेलं. १९६७ मध्ये बीबीसीने त्यावर २६ भागांची मालिका केली आणि ती तुफान चालली.

तीन वाचक, तीन पुस्तकं

१९१० चा वाचक घ्या. त्याच्यासाठी ही एक स्वतंत्र, संपलेली कादंबरी आहे. आयरीन परत आली, सुटका नाही, विषय संपला. त्याचं मत या बंद दारासमोर उभं राहून झालेलं आहे.

१९२५ चा वाचक घ्या. त्याच्या हातात जाड ग्रंथ आहे. त्याला ठाऊक आहे की हा शेवट नाही, अजून बरीच पानं बाकी आहेत. ‘टू लेट’पर्यंत गेला असेल, तर मुलीवर, म्हणजे फ्लरवर, जीव टाकणारा म्हातारा होत चाललेला सोम्सही त्याने पाहिलाय. आता त्याला पहिल्या भागाबद्दल विचारा. तो फक्त पहिल्या भागाबद्दल बोलेल का? शक्यच नाही.

१९७० चा वाचक कदाचित मालिका बघून पुस्तकाकडे आलाय. सोम्स म्हटलं की त्याला एरिक पोर्टर या नटाचा चेहरा दिसतो.

तिघांनीही म्हटलं, ‘मी द मॅन ऑफ प्रॉपर्टी वाचली.’ तुमच्या एक्सेल शीटमध्ये तिघं एकाच रकान्यात गेले, तर गडबड झालीच म्हणून समजा.

दया वाढली, पण कोणाची?

१९२२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गॉल्सवर्दींनी एक निरीक्षण नोंदवलंय. वाचक जसजसा पुढे जातो तसतशी त्याला सोम्सची दया यायला लागते आणि आपण लेखकाच्या विरुद्ध जातोय असं त्याला वाटतं. लेखक म्हणतो, तसं काही नाही, मलाही त्याची कीव येते.

हा पुरावा मोलाचा आहे, पण त्यातून लगेच ‘काळानुसार वाचक सोम्सबद्दल मवाळ झाले’ असा निष्कर्ष काढू नका. त्यामागे निदान तीन कारणं असू शकतात.

पहिलं, मजकूरच वाढला. पुढच्या भागांत सोम्सचं दुःख दिसतं, म्हणून मत बदललं.

दुसरं, वाचक गळाले. ज्यांना सोम्सचा तिटकारा आला, त्यांतल्या काहींनी पहिल्या भागानंतर पुस्तक मिटलं असेल. शेवटपर्यंत गेले ते मुळातच त्याच्याबद्दल थोडे मऊ असतील. अशा वेळी कोणाचंच मत बदललेलं नसतं, नुसती चाळणी लागलेली असते.

तिसरं, कथनाची जागा. आयरीन आपल्याला कायम दुसऱ्यांच्या नजरेतूनच दिसते, हे गॉल्सवर्दींनी त्याच प्रस्तावनेत सांगितलंय. सोम्सच्या मनात मात्र आपण वारंवार शिरतो. ज्याच्या मनात जास्त वेळ राहिलो त्याची बाजू कळणं साहजिक आहे. पुढचे भाग वाचणं म्हणजे सोम्ससोबत आणखी तास घालवणं.

ही तीन कारणं वेगळी करता आली नाहीत, तर व्हायवाला पहिला प्रश्न इथेच येणार.

यात एवढं काय बिघडतं?

बिघडतं, कारण मधे एक जबरदस्ती आहे. ‘वाचकांनी सोम्सला माफ केलं’ हे विधान साहित्याबद्दलचं वाटतं, पण ते एका समाजाच्या नैतिकतेबद्दलचं विधान होऊन बसतं. १९०६ मध्ये इंग्लंडच्या कायद्यात नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नव्हती. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ही सूट मोडीत काढली ती थेट १९९१ मध्ये. म्हणजे त्या काळच्या वाचकाने हा शब्द वापरला नाही, यावरून त्याला काही खटकलंच नाही असं ठरवता येत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद कायम आहे. त्यामुळे आज इथल्या वाचकांच्या मुलाखती घेताना प्रश्नात तो शब्द तुम्ही आधी उच्चारायचा, की वाचक कुठला शब्द वापरतो याची वाट बघायची, हे आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर वाट बघा.

मग करायचं काय?

प्रत्येक मतासोबत पाच गोष्टी नोंदवा. वाचन कधी झालं? सुटी प्रत होती की एकत्र ग्रंथ? पुढचे भाग वाचलेत का, कुठपर्यंत? मालिका किंवा सिनेमा आधी पाहिला होता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मत पहिला भाग संपला तेव्हाचं आहे की आत्ताचं?

शक्य असेल तर एकाच गटाला दोनदा विचारा: पहिला भाग संपल्यावर एकदा, सगळी गाथा संपल्यावर पुन्हा. आणि मधेच सोडून दिलेल्यांना अजिबात वगळू नका. ‘त्यांनी पूर्ण वाचलं नाही’ म्हणून आपण त्यांना काढून टाकतो, पण चाळणीचा पुरावा त्यांच्याकडेच असतो.

जुनी परीक्षणं वापरत असाल तर तारीख बघूनच त्यांना गटात टाका. १९१८ आधीचं परीक्षण आणि १९२२ नंतरचं परीक्षण एका ढिगात नको.

याला सिद्धांताचा आधार हवा असेल तर हान्स रॉबर्ट याउस वाचा. वाचक पुस्तकाकडे येताना काही अपेक्षा घेऊनच येतो, आणि या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’चा शोध घेतल्याशिवाय साहित्याचा इतिहास लिहिता येत नाही, ही मांडणी त्यांनी कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या व्याख्यानात केली. साल १९६७, म्हणजे मालिकेचंच. कुटुंबगाथेत या क्षितिजाला एक जादा पदर असतो: ‘अजून पुढे काहीतरी आहे’ हे माहीत असणं किंवा नसणं.

मराठीत करून बघायचं असेल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ घ्या. २०१० मध्ये ती आली तीच मोठ्या मालिकेचा पहिला भाग म्हणून. गॉल्सवर्दींच्या पहिल्या वाचकाला पुढे काही आहे हे माहीत नव्हतं, ‘हिंदू’च्या वाचकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकाने संपलेल्या गोष्टीवर मत दिलं, दुसऱ्याने अर्ध्या वाटेवर. दोघांच्या मतांची तुलना जरूर करा, पण हा फरक प्रकरण एकमध्येच लिहून टाका.

आणि सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आजच बदला. ‘वाचकांची मते’ एवढंच ठेवू नका. कोणत्या टप्प्यावरच्या वाचकांची, ते लिहा. कमिटीसमोर तुमचं निम्मं काम तिथेच होईल.