यंत्र गप्प बसले तर काय समजावे?



पूर्वी आपल्याकडच्या खेड्यांतून रात्री जागल्या फिरत असे. काठी आपटत तो ठरावीक वेळाने हाक देई. चोर आला नसला तरी हाक देई. त्या हाकेचा अर्थ एवढाच, की ‘मी जागा आहे’. आणि हाक ऐकू आली नाही, तर घरातली म्हातारी माणसे अंथरुणात उठून बसत. धोक्याची सूचना देणाऱ्या आजच्या बिनतारी यंत्रांचे निम्मे शास्त्र या हाकेत आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आम्ही संगणक कक्षातील गजराची चाचणी घेतली. भोंगा वाजला, पण निरोप कुठेच पोहोचला नाही. नोंदी पाहिल्या तेव्हा कळले, की सुट्टी लागल्यावर थोड्याच दिवसांत यंत्राने आधी ‘वीज गेली’ आणि मग ‘बॅटरी उतरली’ असे दोन निरोप पाठवले होते. त्यानंतर ते गप्प झाले. निरोप ज्या फोनवर आले, तो कार्यालयाच्या कपाटात बंद होता! सुदैवाने काही चोरीला गेले नाही. पण महिनाभर आपली राखण नावापुरतीच होती, ही गोष्ट पालक व विश्वस्तांपासून लपवून ठेवणे आम्हास बरे वाटत नाही.

असे यंत्र तीन प्रकारचे निरोप पाठवते. पहिला धोक्याचा: आग, घरफोडी. दुसरा स्वतःच्या प्रकृतीचा: वीज, बॅटरी, सेन्सर. तिसरा हजेरीचा: ‘सर्व ठीक, मी चालू आहे’. हे निरोप आकड्यांत जातात. ‘काँटॅक्ट आयडी’ ही त्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. तिच्यात 110 म्हणजे आग, 130 म्हणजे घरफोडी, 301 म्हणजे वीज गेली, 302 म्हणजे बॅटरी उतरली, 381 म्हणजे बिनतारी सेन्सरशी संपर्क तुटला आणि 602 म्हणजे ठरलेल्या वेळची हजेरी. आकड्याच्या आधी 1 असेल तर ती गोष्ट घडली, 3 असेल तर पूर्ववत झाली. म्हणजे 1301 आले की लाईट गेली आणि 3301 आले की परत आली. पहिला निरोप येऊन दुसरा आलाच नाही, तर कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे.

आता निरोप नेणाऱ्या जाळ्याविषयी. यंत्रात मोबाइलसारखेच सिमकार्ड असते. सिग्नल किती आहे हे ते 0 ते 31 या अंकांत सांगते. 0 म्हणजे उणे 113 डीबीएम किंवा त्याहून क्षीण, 31 म्हणजे उणे 51 किंवा त्याहून जोरदार. 99 आले तर सिग्नल भरपूर आहे असे समजू नका. त्याचा अर्थ ‘मोजता आले नाही’ असा आहे. जाळ्यातील नोंदणीसाठी वेगळे अंक असतात: 1 म्हणजे आपल्या जाळ्यात, 2 म्हणजे शोध चालू, 3 म्हणजे प्रवेश नाकारला, 5 म्हणजे रोमिंग.

हा 5 आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाचा. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांच्या पलीकडे लगेच महाराष्ट्र आहे. कर्नाटकातील टॉवर बंद पडला की सिम पलीकडचा टॉवर पकडू शकते. तुमच्या फोनवर हे तुम्ही पाहिलेच असेल. पण यंत्रातील सिमला रोमिंगची परवानगी नसेल, तर 5 ऐवजी 3 येतो आणि निरोप अडून बसतो. म्हणून सिम घेताना रोमिंगची चौकशी आधी करावी.

हेच शास्त्र शेतातही आहे. बेंगळुरू येथील कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची सुरुवात 1988 साली दुष्काळ पाहणी कक्ष म्हणून झाली. या केंद्राने राज्यातील ग्रामपंचायतींत स्वयंचलित पर्जन्यमापक आणि होबळींत हवामान केंद्रे बसवली आहेत. सौरऊर्जेवर चालणारी ही यंत्रे दर 15 मिनिटांनी मोबाइल जाळ्यातून माहिती पाठवतात. आता विचार करा: एके दिवशी आकडा ‘शून्य’ आला आणि दुसऱ्या दिवशी आकडाच आला नाही. दोन्ही सारखेच का? मुळीच नाही. पहिल्या दिवशी पाऊस पडला नाही. दुसऱ्या दिवशी पडला की नाही, हेच ठाऊक नाही. हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई अशा नोंदींवरच ठरत असल्याने, हा फरक शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतो.

2023 साली मोबाइलवर अचानक मोठा आवाज होऊन सरकारचा चाचणी संदेश आला होता. अनेक जण घाबरले. तोही हजेरीचाच प्रकार: खऱ्या संकटाआधी वाट मोकळी आहे ना, हे पाहणे.

आम्ही आता पुढील व्यवस्था केली आहे. यंत्राचे निरोप दोन शिक्षक आणि एक विश्वस्त अशा तिघांच्या फोनवर येतील. रोज सकाळी हजेरीचा निरोप आला का, याची नोंद वहीत होईल, सुट्टीतही. महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून बॅटरी तपासली जाईल. सिमची मुदत कार्यालयातील फळ्यावर लिहिली जाईल. नववीच्या विद्यार्थ्यांनी ही वही सांभाळावी, अशी आमची इच्छा आहे.

यंत्र आपले काम करते. त्याची हाक ऐकणारे कोणी जागे असले पाहिजे, एवढेच.