ब्रेकच्या नळीतील हवा

मोटार चालविण्यास शिकणाऱ्या मुलाचे सारे लक्ष ती धावते कशी याकडे असते; ती थांबते कशी, याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. जालना जिल्ह्यातून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग गेल्यापासून हा विचार करणे आपणां सर्वांस अगत्याचे झाले आहे. या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, व ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. तेथे मोटारीस ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. एवढी गाडी आवरण्याचा हुकूम पायापासून चाकापर्यंत जो पोहोचवितो, तो केवळ लिटरभराच्या आतबाहेर भरणारा एक द्रव होय. त्यास आपल्याकडे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. त्याचे कार्य, त्यातील दोष व त्या दोषाचा परिहार यांविषयी आम्ही येथे थोडे विवेचन करणार आहोत.

प्रथम तत्त्व पाहू. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याने मांडला. हा गणिती ख्रिस्ती तत्त्वचिंतक म्हणूनही प्रसिद्ध आहे. समजा, पेडलवर पायाने २० किलोचा भार दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे १०० किलो होऊन मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यावर पडला. चाकाजवळील दट्ट्याचे क्षेत्रफळ या दट्ट्याच्या सहापट असेल, तर तेथे ६०० किलोचा जोर उत्पन्न होतो. पूर्वी मोटारींचे ब्रेक दांड्यांनी व तारांनी ओढले जात. त्यांत एखादे चाक अधिक आवळले जाऊन गाडी एका अंगास ओढली जाई. द्रवाने हा दोष पुष्कळ दूर केला. अमेरिकेत १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीस चारही चाकांवर असे द्रवाचे ब्रेक होते.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. जोर जितक्या पटीने वाढतो, तितक्या पटीने चाल घटते. वरील उदाहरणात लहान दट्ट्या सहा मिलिमीटर सरकेल तेव्हा मोठा एकच मिलिमीटर सरकेल. येथेच हवेचा घातकीपणा ध्यानात येतो. द्रव दाबून जवळजवळ लहान होत नाही. हवा मात्र सहज आकसते. नळीत लहानसा बुडबुडा शिरला, तरी पायाची चाल तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होते व चाकापर्यंत फारच थोडी पोहोचते.

याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी घरी करावा. सुई काढलेली नवी सिरिंज पाण्याने पूर्ण भरावी, तोंडावर बोट घट्ट धरावे व दट्ट्या दाबावा. तो हलणार नाही. आता थोडी हवा आत घेऊन पुन्हा दाबावा. तो मऊपणे आत जाईल व सोडताच परत येईल. ब्रेकचे पेडल पायाखाली असेच मऊ लागले, तर नळीत हवा असण्याचा संभव मोठा समजावा.

येथे कोणी विचारील की, एस. टी. च्या बसचे व लोखंड वाहणाऱ्या मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवरच चालतात, ते कसे? त्या गाड्यांत इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा सतत भरीत असतो, व ती हवाच ब्रेक लावण्याचे काम करते. पेडल सोडताच ‘फुस्स’ असा आवाज येतो तो तिचाच. लहान मोटारीच्या बंद नळीत मात्र हवा ही आगंतुक होय.

ही हवा शिरते कशी? गळतीने, दुरुस्तीच्या वेळी नळी उघडल्याने, किंवा टाकीतील तेल फार खाली गेल्याने. दुसरा मार्ग अधिक गुप्त आहे. सामान्य ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे; परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ जातीच्या तेलाचे हेच आकडे २०५ व १४० आहेत. आता कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटासारख्या ठिकाणी सारी वाट ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास चाकाजवळचे भाग अतिशय तापतात. जुने तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि पेडल एकाएकी तळाशी जाते. शुभवर्तमानातील दृष्टांतात वाळूवर बांधलेले घर पूर येईपर्यंत उभेच होते. तद्वत् असा ब्रेक गावातल्या सपाट रस्त्यावर निर्दोष भासतो, व जेथे त्याची खरी गरज तेथेच दगा देतो. म्हणून उतारावर खालचा गिअर घालावा, आणि उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीस, बहुधा दर दोन वर्षांनी, तेल बदलावे.

आता कृती. तिला दोन माणसे लागतात. पहिल्या खेपेस त्यांतील एक जाणता मिस्त्रीच असावा.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकांस लाकडी ठोकळे लावावे. गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबून खाली कोणी शिरू नये. भक्कम आधार द्यावा. टाकीतील जुने काळपट तेल सिरिंजने काढून सीलबंद डब्यातील, पुस्तकात सांगितलेल्याच जातीचे नवे तेल भरावे. इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये; त्याने रबरी भाग फुगून निकामी होतात. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात. आपल्याकडे ते बहुधा मागचे डावे चाक होय. तथापि काही गाड्यांचा क्रम निराळा असतो, तो पुस्तकात पाहावा.

चाकाजवळील ब्लीडर निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरावे व ‘धरले’ असे म्हणावे. बाहेरच्याने पान्याने निपल पाव फेरा उघडावा. तेल व बुडबुडे बाहेर येतील. मग निपल बंद करून ‘सोडा’ म्हणावे. हा शब्द कानी येईपर्यंत आतील माणसाने पाय मुळीच उचलू नये. नाहीतर नळी उलट हवा ओढून घेते. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत ही क्रिया चालवावी, व मधूनमधून टाकी भरीत राहावे. ती रिकामी झाली की सारा खटाटोप पुन्हा आरंभापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा लहान ठोकळा ठेवावा, म्हणजे दट्ट्या गंजलेल्या भागापर्यंत जाऊन त्याचे रबर फाटणार नाही.

हे तेल रंग खाते, म्हणून सांडताच पाण्याने धुवावे. डोळ्यांस व मुलांच्या हातांस लागू देऊ नये. काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता गॅरेजमध्ये द्यावे.

शेवटी परीक्षा. इंजिन बंद असता पेडल टणक लागले पाहिजे. इंजिन सुरू करताच ते किंचित खाली बसते. हे योग्यच आहे. परंतु दाबून धरले असता ते हळूहळू खालीच जात राहिले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर बिघडला आहे. अशी गाडी फाटकाबाहेर नेऊ नये. ए. बी. एस. यंत्रात हवा अडकल्यास ती काढण्यास पुष्कळदा कार्यशाळेतील उपकरण लागते. तेथे घरगुती धाडस नको. सर्व ठीक दिसल्यावरही प्रथम मोकळ्या मैदानात अगदी मंद गतीने ब्रेक लावून पाहावा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हे काम स्वतः करा अथवा मिस्त्रीकडून करवा. परंतु तेल बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. आणि विद्यार्थ्यांनी आजच घरी विचारावे की, आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले होते? उत्तर कोणासच आठवत नसेल, तर बदलण्याची वेळ आली असे समजावे.