संगणकावरील चित्रफलक आणि त्याच्या कडा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६–१५१६) याने बांधविलेल्या मानमंदिरावर पिवळ्या बदकांची रांग आहे. अशा आवर्ती नक्षीत कडेशी कड जुळली तरच ओळ अखंड भासते. त्याच शहरातील सिटी सेंटरमध्ये किंवा एखाद्या खेड्यातील शाळेत संगणकावर नक्षी रेखाटणाऱ्यासही हाच नियम लागू पडतो.

‘क्रिता’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबून ओढल्यास चित्रफलक सरकतो; त्यासोबत कंट्रोल दाबल्यास लहानमोठा होतो, शिफ्ट दाबल्यास फिरतो. ‘५’ या कळीने तो पुन्हा सरळ होतो. यामुळे केवळ दृश्य बदलते, चित्र नव्हे. ‘डब्ल्यू’ दाबताच चित्राची चोहोबाजूंस पुनरावृत्ती होते. उजव्या कडेबाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते आणि सांध्यातील दोष तत्काळ ध्यानात येतो.

एरवी कडेबाहेर गेलेला रंग क्रिताच्या मूळ फाइलीत शिल्लक राहतो. मात्र छपाईसाठी काढलेल्या पीएनजी प्रतीत तो गळतो. म्हणून प्रत काढण्यापूर्वी ‘२’ दाबून संपूर्ण फलक पाहावा. भित्तिपत्रकाच्या चारही बाजूंस कापणीसाठी साधारणतः ३ मिलिमीटर जादा रंग ठेवावा आणि अक्षरे कडेपासून आत घ्यावीत. एवढी दक्षता घेतल्यास केलेले श्रम वाया जाणार नाहीत.