नाव कळले नाही तरी माणूस नोंदवा

निफाड तालुक्यात कुळाची वंशावळ मांडायला घेतली, की पहिला आधार जमिनीच्या जुन्या कागदांचा. फेरफार वाचत मागे गेले, की आजोबांचे, पणजोबांचे नाव हाती लागते. पणजीची जागा बहुधा रिकामी राहते. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी पणजी कशी नोंदवायची, ते ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरवरून पाहू.

मुलगा आहे म्हणजे आई होतीच. म्हणून नवीन व्यक्ती उघडा, लिंग स्त्री निवडा आणि नावाचा रकाना कोरा ठेवा. तिथे ‘अज्ञात’ लिहू नका. संगणक ते खरेच नाव समजतो आणि चार पिढ्यांतल्या चार ‘अज्ञात’ बायका शोधताना एकसारख्या दिसू लागतात. नाव नसले तरी प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळतोच.

माहेरचे आडनाव ठाऊक नसेल तर तेही कोरे ठेवा. सासरचे आडनाव पर्यायी नावांत, ‘लग्नानंतरचे नाव’ म्हणून लिहा. उदाहरणार्थ, १८४२ साली निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. अशी दोन्ही नावे एकाच व्यक्तीखाली राहिली, तर माहेरची नोंद सापडल्यावर ती नेमकी कुठे जोडायची हे कळते.

मग पती, पत्नी आणि मुले एका कुटुंबात जोडा. पणजोबांची दोन लग्ने झाली असतील तर दोन कुटुंबे करा. मूल कोणत्या आईचे हे ठरत नसेल, तर तिसरे कुटुंब फक्त वडिलांचे करून मूल त्यात ठेवा आणि कारण टिपणात लिहा. तारखेला ‘सुमारे’, ‘पूर्वी’ हे पर्याय आहेत, ते वापरा.

आता नावाचा शोध. फेरफारात अज्ञान (अल्पवयीन) मुलांपुढे ‘अ.पा.क. आई’ (म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई) अशी नोंद असली, तर शेजारी तिचे नाव असते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदींत विधवा आणि मुलीही शोधा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू पाहा. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात, म्हणून त्र्यंबकेश्वरच्या आपल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीची चौकशी करा.

नाव मिळाले, की कोऱ्या रकान्यात भरा आणि कागदाचा संदर्भ जोडा. जोडलेली नाती जशीच्या तशी राहतात. नावाची वाट पाहत पणजीलाच वगळले, तर तिच्या माहेरची अख्खी शाखा वंशावळीत येऊच शकत नाही.