न पटणारी गोष्ट सांगणारा लेखक

दिवाळी झाली, धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. पहाटे घरी परतताना लोक नटाचं नाव घेतात, गाणाऱ्या नटीचं घेतात. नाटक लिहिलं कोणी, हे फारसं कोणी विचारत नाही. सिनेमाचंही तसंच. 'कुंकू' म्हटलं की व्ही. शांताराम, शांता आपटे, केशवराव दाते आठवतात. ज्यांच्या कादंबरीवर तो बेतला आणि ज्यांनी त्याची पटकथा लिहिली, ते नारायण हरी आपटे मात्र विस्मरणात गेले.

त्यांचा जन्म १८८९ चा, सांगलीजवळच्या समडोळीचा. पुढे ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावी स्थायिक झाले. ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, सामाजिकही लिहिल्या. प्रभात कंपनीने १९३४ साली काढलेला 'अमृतमंथन' त्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवर होता. राजा बळीची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो, अशी ती कथा. १९३७ साली 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' आला. त्याचीच हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने'. तिचे संवाद मुन्शी अझीझ यांचे.

जरठ-कुमारी विवाह हा विषय काही नवा नव्हता. देवलांचं 'शारदा' १८९९ सालचं. पण तिथे म्हाताऱ्याशी लग्न होता होता मोडतं आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. आपट्यांनी पुढचा प्रश्न विचारला. लग्न लागूनच गेलं तर काय? त्यांची नीरा वयस्क वकिलाच्या, काकासाहेबांच्या घरात येते, मोठी सावत्र मुलं पाहते आणि ठामपणे सांगते, हे लग्न मला मान्य नाही. ती पळून जात नाही, रडत बसत नाही. त्याच घरात राहून नकार देते.

त्या नकाराला कायद्याचं पाठबळ नव्हतं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा घातली नाही. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला तो १९५५ साली. विधवेला पुनर्विवाहाची मुभा मात्र १८५६ पासून होती. म्हणजे नीरेला मोकळं होण्यासाठी कायद्याने एकच दार उघडं होतं, वैधव्याचं. चित्रपटाच्या शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते पत्र लिहून ठेवून जीव देतात. हा शेवट कित्येकांना भडक वाटतो. मला तो त्या काळच्या कायद्याचा हिशेब वाटतो.

आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीची कबुली विचारतात. तिच्या होकाराशिवाय निकाह होत नाही. पण पुष्कळदा उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं; मुलगी मान तेवढी हलवते. हे फक्त आमच्याच घरांत होतं असंही नाही. धर्म कुठलाही असो, मुलीला विचारणं आणि तिचं ऐकणं यांत अंतर राहतंच. आपट्यांनी बोट ठेवलं ते नेमकं या अंतरावर.

१९७१ साली आपटे गेले. चित्रपटाला मिळालेलं 'कुंकू' हे नाव सौभाग्याचं आहे. त्यांनी कादंबरीला दिलेलं नाव नीरेच्या मनातलं होतं. कधी 'कुंकू' पाहायचा योग आला, तर श्रेयनामावलीत त्यांचं नावही वाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)